साडेबाराची लाईन

धुळ्याहून नीलेशचा फोन आला तेव्हा मोहिनी फिरके जेवणाचा डबा उघडून बसली होती. अकरा चाळीसला कोणी जेवतं का, असं तिला विचारायची सोय नव्हती. सकाळी सहापासून संगणकासमोर बसलेल्या माणसाला भूक घड्याळ बघून लागत नाही. नीलेश हा त्यांच्या कंपनीचा धुळ्याचा विक्रेता, एरवी दोन मिनिटं ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय मुद्द्यावर न येणारा. आज त्याने थेट सुरुवात केली.

"ताई, कुलूप लायेल व्हतं, तरी मोटार चालू व्हई गयी. मन्हा डोयासमोर."

"विहिरीत कोणी होतं?"

"कोनीच नव्हतं, देव पावना. पन तुम्हना डब्बामा काहीतरी गडबड शे, ताई."

मोहिनीने हातातला घास डब्यात परत ठेवला.

तिची कंपनी म्हणजे जळगावात एका टायरच्या दुकानावरचा मजला, मालक शालिग्रामभाऊ, आणि कोड लिहिणारी ती एकटी. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला जोडायचा एक डबा ते बनवत. शेताची थ्री फेज वीज ठरल्या वेळी येते आणि ठरल्या वेळी जाते. वीज आली की हा डबा मोटार आपोआप सुरू करी, शेतकऱ्याला धावत जावं लागत नसे. आणि मोटार दुरुस्त करायला कोणी विहिरीत उतरणार असेल, तर शेतकऱ्याने मोबाईलवर कुलपाचं चित्र दाबायचं. मग वीज कितीही येवो, डब्याच्या पुढे करंट जायचा नाही. दुसऱ्या कोणी दुरून मोटारीशी चाळा करू नये म्हणून त्या डब्याला हुकूम फक्त शेतकऱ्याच्या स्वतःच्या मोबाईलवरून जाई. कंपनीलाही तो देता येत नसे. ही मोहिनीचीच अक्कल, आणि तिला तिचा फार अभिमान होता.

या डब्याच्या आधी खानदेशात एकच रीत होती. जो विहिरीत उतरेल त्याने तिन्ही फ्यूज उपसायचे आणि स्वतःच्या खिशात घालून उतरायचं. भावावरही भरवसा ठेवायचा नाही. डबा आला आणि ती रीत मोडली. आपोआप नाही मोडली, मोहिनीने मोडली. यावलला मागच्या वर्षी पन्नास शेतकऱ्यांसमोर उभी राहून ती म्हणाली होती, "आता फ्यूज काढायची गरज नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

जेवण तिने बाजूला सारलं.

तिने कोड उघडून पाहिला. डब्यांचा सगळा कोड एका साईटवर ठेवलेला असे, जगभरचे प्रोग्रामर ठेवतात तिथेच. ऑफिसात त्या साईटला 'वखार' म्हणत, कारण माल तिथे साठवायचा आणि तिथूनच गावोगाव जायचा. काल संध्याकाळी मोहिनीने एक किरकोळ दुरुस्ती केली होती, पाण्याचा आकडा चुकीचा दिसत होता तो नीट करायची. चालू कोडात ती मिसळण्यासाठी वखारीतलं बटण दाबलं. हिरवी खूण उमटली, 'झालं' असं लिहून आलं, आणि ती घरी गेली. प्रत्यक्षात त्या शहाण्या वखारीने तिची दुरुस्ती तीन आठवड्यांपूर्वीच्या कोडात मिसळली होती. मधल्या तीन आठवड्यांतलं काम गायब. त्यात अकरा ओळी अशा होत्या, की वीज आल्यावर डब्याने आधी कुलूप आहे का ते पाहावं. त्याआधी तेच काम दुसरा एक भाग करी, आणि नव्या ओळी आल्या म्हणून तो मोहिनीने कालच्याच दुरुस्तीबरोबर काढून टाकला होता. आता ना जुनं राहिलं होतं ना नवं.

रात्रीच दोनशे चौदा डब्यांनी तो कोड इमानेइतबारे उचलला होता. मोबाईलवर कुलूप दिसत होतं. डब्यात नव्हतं.

यात नवल काही नव्हतं, आणि मोहिनीला खरा संताप त्याचाच होता. सहा-आठ महिने ही वखार बिघडत चालली होती. पूर्वी पान चटकन उघडे, बटण दाबलं की काम होई. मग कुठून तरी एक हुशार एआय मदतनीस आला आणि दर कोपऱ्यातून डोकं काढून 'मी मदत करू का?' विचारू लागला. पान उघडेपर्यंत मात्र एक जांभई देऊन व्हायची. आठवड्यातून दोनदा बंद. तक्रार केली तर आभार मानणारं पत्र, तेही त्या मदतनिसाने लिहिलेलं. मोहिनी रोज शिव्या घाली आणि रोज तिथेच माल ठेवी. स्वतःचा सर्व्हर उभा करायचा तर तो सांभाळायचा ताप कोणाला हवाय, असं तीच शालिग्रामभाऊंना म्हणाली होती.

"यावल, भुसावळकडची लाईन आज किती वाजता?" तिने विचारलं.

"साडेबारा," शालिग्रामभाऊ म्हणाले. "का गं?"

तिने सांगितलं. भाऊ मोठ्या आवाजाचे गृहस्थ, पण त्यांचा आवाज बसला. अकरा बावन्न झाले होते.

दुरुस्त कोड तिच्या लॅपटॉपवर होता. तो चढवणं दोन मिनिटांचं काम. डबे दर पंधरा मिनिटांनी वखारीत डोकावून नवीन माल उचलत. म्हणजे सव्वाबारापर्यंत तिथे नीट कोड पोचला की संपलं. तिने तो चढवला. वखारीने घेतला. आता तिथल्याच यंत्राने तो डब्यांसाठी बांधून द्यायचा होता. पडद्यावर एक पिवळा ठिपका गरगरत राहिला. 'रांगेत आहे.'

ती बघत बसली. 'रांगेत आहे.' तिने पान पुन्हा उघडलं. पानच येईना. मग आलं, अर्धंच. वखारीची तब्येत सांगणारं एक वेगळं पान असतं, तिथे जाऊन पाहिलं. 'सर्व सेवा सुरळीत.'

"पुन्हा दाब," शालिग्रामभाऊ मागून म्हणाले.

"दाबलं."

"अजून दाब ना!"

"भाऊ, ही काय घरची बेल आहे का?" ती ओरडली. तिला भीती वाटत होती, नुसती, स्वच्छ भीती. नोकरी जाईल याची नव्हे. कोणीतरी आत्ता विहिरीत उघडी वायर हातात धरून बसलेला असेल याची.

या घटकेला कुठे कुठे कुलूप लावलेलं आहे ते तिने काढलं. साडेबाराच्या लाईनवर तीन नावं. भुसावळच्या बाजूच्या दोघांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. एकाचं काम झालंच होतं, दुसऱ्याने माणूस वर काढला आणि वर तिलाच चार शब्द सुनावले. तिने ते मुकाट ऐकून घेतले. तिसरं नाव सुपडू बऱ्हाटे, यावलच्या पुढचं गाव. रिंग वाजून वाजून थांबली. चार वेळा. डबा घेतानाच्या अर्जावर दुसरा नंबर होता, बायकोचा.

"हालो," पुष्पाबाई म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली.

"अक्का, मी जळगावहून मोहिनी, डब्याच्या कंपनीतली. सुपडूआबा कुठे आहेत?"

"ते तं मयात, वावरात गेले ना, बाई. पुना वायरमन बी हाये संगं. मोटारीची वायर जयाली, ते जोडू राह्यले विहिरीत."

"अक्का, नीट ऐका. कुलूप चालत नाहीये. साडेबाराला लाईन आली की वायरीत करंट येईल. पुनाभाऊंना वर काढायला सांगा. आबा फोन उचलत नाहीत."

"त्याहीचा मोबाईल सदऱ्यात राह्यतो, अन् सदरा झाडाले," पुष्पाबाई म्हणाल्या. मग त्यांना उमगलं. "अवं माय."

"गल्लीत कोणी गाडीवाला?"

"सारे केयी कापाले गेले. मीच जातो." कुकर बंद केल्याचा आवाज आला. "मया पायी वीस मिनिटं हाये, बाई. माहे गुडघे…"

बारा चौदा झाले होते. मोहिनीने फोन कानाला तसाच ठेवला. पलीकडे चपलांचा फटक फटक आवाज, आणि श्वास. पिवळा ठिपका गरगरतच होता. सव्वाबारा वाजले आणि गेले. डब्यांनी वखारीत डोकावून पाहिलं असणार, आणि रिकाम्या हातांनी परतले असणार. अजून एक फेरी साडेबाराची, पण त्याच मिनिटाला लाईन येणार होती. आता त्या साईटवरून काही येणार नव्हतं.

तिने शालिग्रामभाऊंच्या हातातून त्यांचा मोबाईल ओढला आणि दुसऱ्या कानाला लावून सबस्टेशन गाठलं. ऑपरेटरचं नाव प्रेमराज.

"साडेबाराचं फीडर थोडं उशिरा सोडा. माणूस विहिरीत आहे."

"परमिट कोणाच्या नावानं आहे?" प्रेमराज म्हणाला. लाईन बंद ठेवायची तर वायरमनने आधी लेखी परमिट घ्यायचं असतं, हे तिला माहीत होतं.

"परमिट नाही. डब्याचं कुलूप लावून उतरलाय."

"मग ते कुलूप आहे ना?"

"नाही. दिसतंय, पण नाही."

"ताई, चाळीस गावं वाट बघून राहिलीत. केळी करपून चालली. पाच मिनिटं उशीर झाला तर इथे माणसं चालून येतात. आणि मी रजिस्टरला काय लिहू? कोणाची चूक लिहू?"

शालिग्रामभाऊ तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी हळूच मान हलवली, कंपनीचं नाव घेऊ नको अशी. एका कानात पुष्पाबाईंची चप्पल वाजत होती, मध्येच अडखळून पुन्हा वाजू लागली होती.

"माझी लिहा," ती म्हणाली. "मोहिनी फिरके, जळगाव. कोड माझा आहे. मी न तपासता सोडला."

पलीकडे रजिस्टरचं पान उलटलं. "दहा मिनिटं," प्रेमराज म्हणाला. "बारा चाळीसला सोडणार. त्यापुढे माझ्या हातात नाही."

बारा तेवीस. बारा अठ्ठावीस. मोहिनी काही करू शकत नव्हती. ती नुसती ऐकत होती. वीस मैलांपलीकडे एक बाई उन्हात चालते आहे आणि आपण पंख्याखाली बसलो आहोत, याची तिला लाज वाटली. मध्ये पुष्पाबाई थांबल्या. "दम लागला वं," म्हणाल्या, आणि लगेच निघाल्या. बारा तेहतीसला केळीची पानं घासल्याचा आवाज आला. बारा छत्तीसला पुष्पाबाईंनी हाक मारली, ती इतकी मोठी की मोहिनीने फोन कानापासून लांब धरला.

"अवो! पुनाले वर काढा! ते जळगावची पोरगी फोनवर हाये!"

मोबाईल हातातून हातात गेला. "कोन, मोहिनी का?" सुपडूआबांचा आवाज शांत होता. "अवं, काय घाबरवलं हिले? कुलूप लायेल हाये. हे पाह्य ना, सदऱ्यातून काढला मोबाईल. हिरवंगार दिसू राह्यलं."

"आबा, त्यांना वर काढा."

"दोनच मिनिटाचं काम राह्यलं. जोड होऊ राह्यला."

"आबा, ते कुलूप खोटं आहे!"

"खोटं कसं? तूच तं सांगे यावलले, आता काही भ्यायचं नाही म्हणून."

"मी चुकले, आबा. मी चुकीचं सांगितलं. तुमच्या पाया पडते, वर काढा त्यांना!" तिचा आवाज फाटला. ऑफिसात ती रडते आहे हे तिला नंतर समजलं.

आबांची पावलं विहिरीकडे वळली. मग त्यांची हाक ऐकू आली, "पुना! सोड ते! वर ये, वर ये!" दोर घासला, कोणीतरी धापा टाकत वर आलं, "काय झालं, आबा?" असं कोणीतरी विचारलं. आणि त्याच्यामागोमाग खालून तडतड असा मोठा आवाज आला. पुष्पाबाई किंचाळल्या.

"अक्का! अक्का, काय झालं?"

"काही नाही," आबा म्हणाले. आता त्यांचा आवाज शांत नव्हता. "लाईन आली. वायर पान्यात उडू राह्यली. पुना वर हाये. माह्या जवय हाये."

बारा चाळीस. मोहिनीने डोकं टेबलावर ठेवलं. आबांनी लांबच्या खांबापर्यंत पळत जाऊन मेन स्वीच पाडला. शालिग्रामभाऊंनी पाण्याचा ग्लास आणला आणि तो अर्धा स्वतःच पिऊन टाकला.

बारा बावन्नला पिवळा ठिपका हिरवा झाला. 'झालं.' जणू मधे काही घडलंच नव्हतं. मदतनीस कोपऱ्यातून वर आला आणि आजचा अनुभव कसा वाटला, किती तारे द्याल, ते विचारू लागला. एक वाजून दोन मिनिटांनी दोनशे चौदा डब्यांनी दुरुस्त कोड उचलल्याची नोंद आली. मोहिनीने अकरा ओळी तीन वेळा वाचल्या. होत्या.

"सुटलो," शालिग्रामभाऊ म्हणाले. "सांग त्यांना, झालं नीट. आणि बाकी कोणाला काही बोलायचं नाही. नाव जाईल."

फोन अजून चालूच होता. पलीकडे आता पुना होता. त्याच्याशी ती याआधी कधी बोलली नव्हती. चाळिशीचा असावा, सावकाश बोलणारा.

"ताई, आबा म्हणतात तुमच्याकडे झालं दुरुस्त. मेन वर केला. कुलूप लावलं पुन्हा. जोड थोडासाच राह्यला. केयीले पानी द्याचं हाये." मग विचारलं, "उतरू का आता?"

पडद्यावर सगळं हिरवं होतं. वखार हिरवी, डबा हिरवा, आबांचं कुलूप हिरवं. शालिग्रामभाऊ मान डोलावत होते. 'हो' म्हणायला तिला एक अक्षर लागणार होतं आणि ते तिच्या तोंडून निघेना. कालही सगळं असंच हिरवं होतं.

"पुनाभाऊ, उतरू नका," ती म्हणाली. "मी निघते आहे. तास-दीड तास लागेल."

"तुम्ही इथी येऊन काय करसान, ताई?"

"कुलूप मी लावीन. आणि त्या वायरीला पहिला हात माझा लागेल. मग तुम्ही उतरा."

शालिग्रामभाऊ उठून उभे राहिले. मोहिनीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. भीती गेली नव्हती, तरी तिने गाडीची किल्ली टेबलावरून उचलली.

पलीकडे केळीत वारा चालला होता, तेवढाच ऐकू येत होता.

"या मग," पुना म्हणाला.