देशांतरी महाराजांच्या चार वेली

सिरसाळ्याच्या मारुतीच्या देवळाच्या भिंतीत चार खुंट्या ठोकल्या होत्या आणि चारी खुंट्यांना बोटाएवढ्या जाडीच्या चार कांड्या सुतळीनं टांगल्या होत्या. खाली माती नाही, वर पाणी नाही. तरी कांड्यांना कोंब फुटले, पानं धरली. सारं गाव कामधंदा टाकून देवळापुढं येऊन बसलं. कापूस वेचायचा राहिला होता. पण कापूस काय, दरसाल येतो.

या चमत्काराचे धनी देशांतरी महाराज. ते मूळचे कुठले हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते स्वतः रोज वेगळं सांगत.

"ये देखो! ही तैलंग देशाची तिप्पतीगा, वातावर. ही दिल्लीची गिलोय, काविळीवर. ही गुजराथेची गळो, मूळव्याधीवर. आणि ही कर्नाटकाची अमृतबळ्ळी, तापावर! चार मुलूख, चार वेली. माझ्या मंत्राच्या हुकमानं हवेवर जगतात!"

धुळाजी पाटलांनी डोळे बारीक केले. "म्हाराज, पानं आपल्या गुळवेलीवानी दिसत्यात की."

"पाटील, लांबून तुम्हीही तहसीलदारासारखे दिसता. तहसीलदार आहात का?"

पाटील खूश झाले. पुढं त्यांनी शंका काढली नाही.

महाराजांचे दंडक दोन. वेलीचा काढा घेताना रोग्याचं करणाऱ्या माणसानं तिचं नाव तीनदा मोठ्यानं घ्यायचं. आणि दुसरं औषध रोग्याच्या पोटात गेलं, तर वेल वाळते आणि रोगी दगावतो.

या दुसऱ्या दंडकापायी बायनाबाईंच्या घरात हिवतापावरचं कोयनेल असून नसल्यासारखं होतं. त्यांची नात शिवकन्या महिनाभर तापानं पडली होती. एक दिवसाआड थंडी भरे, चार वाकळा टाकल्या तरी दात वाजत, आणि दर पाळीला पोर आणखी वाळे. आईवेगळी पोर, तिचं सगळं आजीच करी. शाळेच्या त्रिंबक मास्तरांनी मोमिनाबादच्या सरकारी दवाखान्यातून कोयनेलच्या पुड्या आणून दिल्या होत्या. पण बायनाबाईंचे मालक अमृतराव महाराजांच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. त्यांनी पुड्या कोनाड्यात ठेवल्या आणि त्यांच्यापुढं गणपतीची तसबीर उभी केली.

पोरीनं बोलणंसुद्धा सोडलं, तेव्हा बायनाबाई काढा मागायला देवळात आल्या.

"नाव घ्या," महाराज म्हणाले.

बायनाबाईंनी पदर तोंडावर ओढला.

"घ्या, माई. अमृतबळ्ळी!"

गर्दीत बसलेले अमृतराव खाकरले. नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं की त्याचं आयुष्य घटतं, असं बायनाबाईंना माहेरी शिकवलं होतं. म्हणून त्यांच्या परसात लिंबावर चढलेल्या गुळवेलीला गाव अमृतवेलही म्हणत असलं, तरी त्या सासरी आल्यापासून तिला कडवी म्हणत.

"ती शेवटच्या खुंटीवरची द्या," त्या म्हणाल्या.

"नावाशिवाय गुण नाही!"

"मंग कडवी म्हणते. आमच्यात हिला कडवी म्हणत्यात."

"कडवी?" महाराज भडकले. "ही कर्नाटकातली देवता आहे! हिचं नाव बदललं की ही वेल राहत नाही!"

बायनाबाईंनी वर पाहिलं. त्या क्षणापर्यंत त्या महाराजांना घाबरत होत्या. आता त्यांना महाराजांचा राग आला.

"कावून न्हाई ऱ्हात? जल्मभर कडवी म्हनलं, पर लिंबावरची वेल काय दुसरी झाली न्हाई. आन् घरधन्याचं नाव कधी घेतलं न्हाई, म्हणून घरधनी दुसरा झाला व्हय?"

अमृतराव पुन्हा खाकरले. या वेळी कारण वेगळं होतं.

त्रिंबक मास्तर मागून पुढं आले. त्यांची आधीची नोकरी तेलंगणात झाली होती. "तिप्पतीगा मी तिकडं पुष्कळ पाहिली," ते म्हणाले. "इथं आलो तेव्हा कळलं, तिला तुम्ही गुळवेल म्हणता. महाराज, या चार वेली निरनिराळ्या आहेत ना? मग जरा पाठ फिरवा."

महाराजांना पाठ फिरवायची नव्हती. पण पाटलांना गंमत बघायची होती, आणि त्यांनी महाराजांचे खांदे धरून त्यांना वळवलं. मास्तरांनी चारी कांड्या सोडवून बायनाबाईंच्या ओटीत टाकल्या. बायनाबाईंनी त्या सुपातल्या शेंगांसारख्या खालीवर केल्या.

"आता सांगा, म्हाराज. दिल्लीवाली कोणती?" त्यांनी विचारलं.

महाराजांनी एक कांडी उचलली, ठेवली, दुसरी उचलली. मग म्हणाले, "बाईच्या ओटीत पडल्या. तेज गेलं."

"तेज जाऊ द्या हो, वळख सांगा!" पाटील ओरडले.

"पण मातीबिगर जगल्या त्या कशा?" मागून कुणीतरी विचारलं.

"माझ्या कुडावर जाऊन बघा," बायनाबाई म्हणाल्या. "लिंबावरची तोडून फेकली व्हती. तितंच फुटली. कुडाला कुणी मंतर घातलता?"

लोक खरंच जाऊन पाहून आले. गुळवेलीची जातच तशी. कांडीत ओल आणि सत्त्व साठवलेलं असतं. तोडून टांगली तरी ती कितीतरी दिवस त्यावर जगते, पालवते, धाग्यासारखी मुळं सोडते. कुडावरची वेल सगळ्या गावानं रोज पाहिली होती. तिच्यापुढं कुणी हात जोडले नव्हते, कारण तिचं नाव परदेशी नव्हतं.

लोक परतले तेव्हा महाराज परळीच्या वाटेला लागले होते. एव्हाना दुसऱ्या चार कांड्यांना चार नवी नावं मिळाली असतील.

घरी येऊन बायनाबाईंनी तसबीर बाजूला केली.

"वेल वाळंल," अमृतराव म्हणाले.

"वाळू द्या. माझी पोर वाळली न्हाई पायजे."

पुड्या मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे पोटात गेल्या. ताप हटला, पोर भाकरी मागू लागली. कुडावरची वेल हिरवीगार होती.

गुळवेलीशी माझं भांडण नाही. ती आपल्या जागी चांगलीच असेल. पण हिवतापाला कोयनेल लागतं, आणि तिला दिल्लीचं नाव दिल्यानं ती कोयनेल होत नाही. कुणी अगम्य नाव उच्चारलं तर मान डोलवण्याआधी एवढंच विचारा, आपल्याकडं याला काय म्हणतात? यात देवाचा अपमान नाही. पोरांचे जीव मात्र वाचतात.

बरी झालेली शिवकन्या अंगणात बसून विचारू लागली, "आजे, त्या वेलीचं खरं नाव काय गं?"

अमृतराव तिथंच पान लावत होते. बायनाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग नातीकडं.

"अमृतवेल," त्या म्हणाल्या.

अमृतरावांच्या हातातली सुपारी खाली पडली. ती त्यांनी उचलली, फुंकून तोंडात टाकली आणि चुना मागितला. पुढं ते दात पडेपर्यंत, सुपारी कुटून खावी लागेपर्यंत जगले. आणि बायनाबाई रोज त्या वेलीचं नाव घेत राहिल्या.