इरलेवीराचा काना

इरलेवीर पुरुष कसा झाला, हे मला नेमकं ठाऊक आहे, कारण तो मीच केला.

१९७९ साली मी भोरमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवायचो. विंझरच्या शाळेची भिंत रंगवून निघालो, तर ओढ्याला पाणी चढलेलं. शहाणपणा करून पाय घातला आणि मधोमध गुडघा मुरगळला. दगडाला मिठी मारून आईच्या नावानं बोंबलत बसलो. शेजारच्या खाचरात भात लावणारं एक इरलं उठलं, पाण्यात शिरलं, मला पाठकुळी घेऊन काठावर टाकलं आणि पुन्हा लावणीला वाकलं. ती माझ्या मित्राची, गेनबाची बायको, फुलाबाई. पावसात पांघरायचं बांबू आणि पानांचं इरलं डोक्यापासून कमरेच्या खाली येतं. आत बाई आहे की बुवा, लांबून कळत नाही.

चित्रकलेचे आनंदराव मास्तर काठावर उभे होते. मदतीला आले नाहीत, पण पंधरा दिवसांत त्यांनी ‘इरलेवीर’ नावाची चित्रकथा काढली. पहिल्या पानावर ओढ्यात अडकलेला माणूस आणि इरल्यातून निघालेला फुगा : ‘घाबरू नका, मी आले!’ फुग्यांतली अक्षरं गिरवायचं काम माझ्याकडे होतं. बाईच्या पाठीवर बसून आलेला गडी भोरच्या बाजारात तोंड कसं दाखवणार? मी ‘आले’ला एक काना ओढला. ‘मी आलो!’ मास्तरांना म्हणालो, तुमची चूक दुरुस्त केली. मास्तर शुद्धलेखनाला फार भ्यायचे. त्यांनी माझे आभार मानले.

अंक विंझरला पोचला तेव्हा गावानं ठरवलं, खाचर गेनबाचं म्हणजे हा आपला गेनबाच. त्याला शाल-नारळ दिला आणि गेनबानं तो मुकाट घेतला. फुलाबाई मला एवढंच म्हणाली, “भावजी, म्या डोळं मिटायच्या आत येकडाव लोकांम्होरं खरं सांगा. त्या शालीकडं बघितलं की माजं टकुरं फिरतं.” मी म्हणालो, सांगतो की वहिनी. त्याला आता सेहेचाळीस वर्षं झाली.

मास्तर होते तोवर इरलेवीर साखर आणि रॉकेलच्या साठेबाजांना बदडायचा. मग तो पुण्याच्या प्रकाशकाकडे गेला. तिथं त्याला मिशा फुटल्या, दंडाच्या बेटकुळ्या आल्या आणि इरलं पाठीवर फडफडायला लागलं. इरलं फडफडतं का कधी? पण पेठेत बसून भात लावणाऱ्यांना कोण सांगणार! पुढच्या पिढीनं शोध लावला की तो साडेतीनशे वर्षांपूर्वीचा मावळा होता. लगेच पाच आडनावांच्या पाच मंडळांनी तो आपल्याच भावकीतला असल्याचे पाच पुरावे काढले, आणि सारोळ्याच्या पुलाजवळ एका हॉटेलच्या फलकावर त्याचं आडनाव काय लिहायचं यावरून दोन मंडळांची डोकी फुटली. त्यानंतर तो संगणक इंजिनिअर झाला. पानशेतला त्याचा बंगला होता आणि इरल्यावर सोलर पॅनल. पोटाच्या सहा वड्या मात्र प्रत्येक काळात शाबूत राहिल्या. दर वेळी मला वाटायचं, आता सांगावं. दर वेळी मी गप्प बसलो. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

यंदा नूतन मॅडम आल्या. चित्रकथेचे हक्क घेतलेल्या नव्या कंपनीच्या.

“काका, आम्ही क्रांतिकारक विचार केलाय,” त्या म्हणाल्या. “इरलेवीर बाई असेल!”

धीर करून म्हणालो, “मॅडम, तो बाईच होता. विंझरच्या फुलाबाई.”

“हाऊ क्यूट,” मॅडम म्हणाल्या. “पण प्लीज, हे बाहेर बोलू नका. आयडिया आमची आहे.”

प्रकाशन वेल्ह्याला, मंगल कार्यालयात. पडद्यावरची नवी नायिका विशीतली, गोरीपान, आणि तिचं इरलं गुलाबी. खऱ्या फुलाबाईंना ‘ज्येष्ठ वाचक’ म्हणून स्टेजवर बसवलं होतं. त्यांना अक्षर वाचता येत नाही; येतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं. मी पाट्यांचा जुना कलाकार म्हणून शेजारी.

पुष्पगुच्छाबरोबर अंक हातात आला. फुलाबाईंनी पहिलं पान उघडलं. फुग्यात ‘मी आले!’ बरोबर होतं. ओढाही होता. फक्त दगडाला धरून माणूस नव्हता, वासरू होतं.

“माणूस कुठं गेला?” मी मॅडमना हळूच विचारलं.

“काका, बाईनं पुरुषाला पाठीवर घेतलेलं दाखवलं तर पुरुष वाचक दुखावतात. सर्व्हे केलाय आम्ही.”

मी केलं त्याला सर्व्हे लागला नव्हता. सेहेचाळीस वर्षांपूर्वी मी बाई पुसली आणि यांनी गडी पुसला. बाईच्या पाठीवरचा बुवा काही केल्या कुणाला नको होता. स्वतःची एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

फुलाबाईंनी अंक माझ्यापुढं धरला. चित्रावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “भावजी, ह्ये वासरू कुनाचं?”

मी उठलो. मॅडमच्या हातातला माईक घेतला.

“ते वासरू म्हणजे मी,” मी म्हणालो. “आणि मला पाण्यातून काढलं ते या फुलाबाईंनी. गेनबानं नाही.”

कार्यालयात कुजबुज सुरू झाली. मॅडम माईक ओढायला लागल्या. फुलाबाईंनी त्यांचा हात धरून बाजूला केला.

“मोट्यानं सांगा, भावजी,” त्या म्हणाल्या. “आमचे मालक पार मागं बसल्यात. त्यास्नी कमी ऐकू येतं.”