पेंटरने गिरवलेली तारीख

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा. पांढरा म्हणायचे ते आता नावापुरतेच. माझ्या डाव्या कोपऱ्याला पोचा आला आहे, अंगभर निळसर आणि तांबूस डाग आहेत, आणि गेले वर्षभर मी भिंतीकडे तोंड करून उभा आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला माझी पाठ तेवढी दिसते. पुढच्या बाजूला काय आहे, ते मी तुम्हाला सांगतो.

एका लांबलचक शेडमध्ये मी तयार झालो. पातळ पोलादी पत्र्यावर पांढरा मुलामा चढवून मला भट्टीतून काढले आणि चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली. तिथून मी एका शिकवणीत गेलो. भूमितीच्या सरांनी अकरा वर्षे माझ्यावर त्रिकोण काढले. ते घाईचे गृहस्थ होते. डस्टर सापडला नाही की ओल्या फडक्याने मला खसाखसा पुसत. त्यामुळे माझा मुलामा झिजला, पण मुलांची उदाहरणे सुटत होती, म्हणून मला त्याचे काही वाटले नाही. मग शिकवणीत भिंतीएवढा पडदा आला आणि मी जिन्याखाली गेलो.

त्याच सुमारास शिकवणीची नवी पाटी रंगवायला एक पेंटर आला होता. त्याने मला बोटाने वाजवून पाहिले. "पत्रा चांगला आहे. नेऊ का?" सर म्हणाले, "न्या, तेवढीच अडगळ कमी." असा मी पेंटरच्या घरी आलो.

घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत रंगाचे डबे, ब्रश आणि टर्पेंटाइनचा वास. आतल्या खोलीच्या दाराशी शिलाई मशीन. त्यावर पेंटरची बायको लोकांच्या कपड्यांची दुरुस्ती करी. पेंटरने मला भिंतीला टेकवून पाठीवर खडूने कापायची रेघसुद्धा आखली होती. तेवढ्यात त्यांची मुलगी आली. ती नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची म्हणून घरात तिला सगळे 'वादी' म्हणत.

"बाबा, हा कापू नका. मला हवाय."

"आणि दुकानाची पाटी कशावर रंगवू? तुझ्या पाठीवर?"

"दुसऱ्या पत्र्यावर रंगवा. यावर मला तीन वर्षं मांडायचीत. पदवीनंतर मला त्या कायद्याच्या कॉलेजात जायचंय. सगळ्यात वरच्या."

मशीन थांबवून आई म्हणाली, "तीन वर्षांचं नंतर मांड. आधी आत भांडी पडलीत, ती कोण मांडणार ते सांग."

सगळे हसले. पण पेंटरने त्याच दिवशी मला खिडकीसमोरच्या भिंतीवर ठोकले. पाण्याची पातळी बघावी तसे चार वेळा मागे सरकून मी सरळ आहे ना, हे पाहिले. मित्रांनो, मला कुणी इतक्या प्रेमाने कधी टांगले नव्हते.

वादीने माझ्यावर तीन रकाने पाडले. त्या मोठ्या कॉलेजला काय काय लागते, ते तिने खाली लिहिले: पदवीचे गुण, प्रवेशपरीक्षा, दोन शिफारसपत्रे आणि स्वतःबद्दलचे दोन पानी निवेदन. वर विषय लिहिताना मात्र ती अडली. तिला वाटत होते, कायद्याच्या नावाचे जेवढे विषय मिळतील तेवढे घ्यावेत. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून आली आणि अर्धा रकाना पुसून टाकला.

"काय झालं?" पेंटरने विचारले.

"तर्कशास्त्राच्या बाईंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, कायदा तिथे शिकवतीलच, इथे वाचायला आणि लिहायला शीक. इतिहास घे म्हणाल्या. आणि एक तरी असा विषय घे, की जो तुला जड जातो."

"मग?"

"मग काय, संख्याशास्त्र."

"अरे देवा," आई आतून म्हणाली.

बाईंनी आणखी एक सांगितले होते, तेही तिने माझ्यावर उतरवले. शेवटच्या महिन्यात शिफारसपत्र मागायला येणाऱ्या मुलांबद्दल त्या फक्त नाव आणि हजेरी लिहू शकत. म्हणून दर पंधरा दिवसांनी वादी आपला एखादा निबंध घेऊन त्यांच्याकडे जाई आणि लाल शाईने रंगलेली पाने घेऊन परत येई. शनिवारी ती मोफत कायदा सल्ला केंद्रात बसे. तिथे लोकांचे अर्ज लिहून द्यायचे काम होते. एकदा एका म्हाताऱ्या धोबिणीचा अर्ज तिने सात वेळा लिहिला, कारण म्हातारी रडत रडत दर वेळी नवे काही सांगत होती. त्या दिवशी घरी येऊन तिने माझ्यावर काहीच लिहिले नाही, नुसती समोर बसून राहिली.

पहिल्या वर्षी संख्याशास्त्रात ती काठावर पास झाली. दुसऱ्या वर्षी मात्र चांगले गुण मिळाले. वादविवाद स्पर्धेत ती दोनदा हरली आणि एकदा जिंकली. जिंकल्यावर आईने बक्षिसाचा पेला मशीनवर ठेवला आणि त्यात बॉबिनी भरल्या.

वादीचा एक नियम होता. तारखा पाठ करायच्या नाहीत. "डोकं अभ्यासाला मोकळं ठेवायचं, तारखा फळ्याने सांभाळायच्या," असे ती म्हणे. हे ऐकून मी मनातून फुलून जात असे. आज तेच वाक्य मला टोचते.

कारण खिडकीतले ऊन थेट माझ्यावर पडे आणि शाई उडे. म्हणून दर रविवारी पेंटर माझ्यासमोर उभा राही आणि फिकट पडलेले प्रत्येक अक्षर पुन्हा गिरवी. मुलीचे अक्षर त्याला गिचमिड वाटे. "वकिलाचं अक्षर असं असेल तर न्यायाधीश झोपी जाईल," म्हणत तो प्रत्येक वेलांटीला वळण देई. मुलीला अभ्यासात मदत करण्याइतका तो शिकला नव्हता. हा एवढाच काय तो त्याचा वाटा, आणि तो त्याने एकही रविवार चुकवला नाही.

पण तिसऱ्या वर्षी मला काहीतरी वेगळे जाणवू लागले. पेंटर आता माझ्या फार जवळ येई. त्याचा श्वास माझ्या अंगावर लागे. गिरवण्याआधी तो अक्षरावरून बोट फिरवी. पूर्वी बायकोच्या सुईत दोरा ओवून द्यायला तो मुद्दाम मशीनपाशी थांबे. आता तिने सुई पुढे केली की "हात रंगाचे आहेत," म्हणून सटके. त्याला दिसेनासे झाले आहे, हे त्या घरात फक्त मला कळले होते. आणि मला तोंड नव्हते.

त्या वर्षी प्रवेशाची माहितीपुस्तिका आली. वादीने तिसऱ्या रकान्याच्या तळाशी लाल शाईने लिहिले: 'अर्जाची शेवटची तारीख ११'. लाल शाई सगळ्यांत आधी उडते. त्यातच एकदा पुस्तक काढताना तिची बाही त्यावर घासली आणि अकरातल्या दुसऱ्या एकच्या बाजूला एक पुसट फराटा आला.

रविवारी पेंटर आला. "ही तारीख महत्त्वाची. हिला पक्का रंग देतो. मग बघू कशी उडते," असे तो स्वतःशीच म्हणाला. त्याने बारीक ब्रश घेतला, लाल एनॅमलमध्ये बुडवला आणि नाक टेकेल इतका जवळ आला. आपले एक आणि नऊ हे आकडे दिसायला सख्खी भावंडे. एका लहानशा वळणाचा काय तो फरक. पहिला एक त्याने बरोबर गिरवला. दुसऱ्यापाशी बोट फिरवले, तो फराटा त्याला पोटातले वळण वाटला आणि त्याने मोठ्या निगुतीने ते वळण काढले. खाली शेपटीला आपला नेहमीचा झोकदार हेलकावा दिला. आकडा कोणता झाला, ते त्याने वाचलेच नाही; त्याला दिसत होत्या त्या नुसत्या सुट्या रेषा.

अकराचे एकोणीस झाले.

मित्रांनो, मी तेव्हा काय करायला हवे होते? खिळ्यावरून निखळून पडलो असतो तरी चालले असते. पण खिळा पेंटरनेच ठोकला होता, आणि तो घट्ट होता.

प्रवेशपरीक्षा झाली. वादीला इतके गुण मिळाले, की तर्कशास्त्राच्या बाईंनी तिला कौतुकाने वर्गात उभे केले. दोन्ही शिफारसपत्रे वेळेआधी गेली. निवेदन तेवढे राहिले होते. दहा तारखेला तिने ते नव्याने लिहायला घेतले. अकरा तारखेला दुपारभर ती माझ्यासमोर बसून होती. पहिला परिच्छेद वाचला, खोडला, पुन्हा लिहिला. आईने विचारले, "झालं का गं?" तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आठवडा आहे अजून. घाईत वाईट नको जायला." मग तिने जांभई दिली. संध्याकाळी मुदत संपली. मी तिच्यासमोरच होतो.

तेरा तारखेला ती अर्ज भरायला बसली, तर कॉलेजच्या संकेतस्थळावर अर्जाचे पान उघडेना. तिने फोन लावला. पलीकडचा कारकून शांतपणे म्हणाला, "मुदत परवा संपली, ताई."

"एकोणीस आहे ना?"

"अकरा. पुस्तिकेत छापलंय."

"शिफारसपत्रं आलीत तुमच्याकडे. गुण आलेत. फक्त—"

"तुमच्यासारखे रोज वीस फोन येतात. मी काय करणार, सांगा."

तिने फोन ठेवला. पुस्तिका काढली, पाहिली. मग माझ्याजवळ आली आणि त्या आकड्यापाशी वाकली. ब्रशचा रंग, शेपटीचा हेलकावा. ते तिने लहानपणापासून शहरातल्या शंभर पाट्यांवर पाहिले होते. मग टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी घेतली आणि तो आकडा घासू लागली. माझा मुलामा खरवडला गेला तरी ती घासत होती.

तेवढ्यात पेंटर शिडी घेऊन घरात शिरला. "काय, भरला का अर्ज?"

"नाही. मुदत गेली. मी तारीख चुकले, बाबा."

"म्हणजे?"

"अकरा होती. माझ्या डोक्यात एकोणीस बसलं होतं."

पेंटरने शिडी खाली ठेवली. "तारीख इथे तुझ्या डोळ्यांसमोर होती! मी स्वतः रंगाने लिहून ठेवली होती! कुठे गेली?"

"पुसली."

"का?"

"बघवत नव्हती."

मग तो खूप बोलला. तीन वर्षे आईने तिच्या वाटची कामे केली, बाईंनी एवढे कष्ट घेतले, आणि हिला साधी तारीख लक्षात ठेवता येत नाही. दुसऱ्यांचे खटले ही काय लढवणार! प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारी ती मुलगी खाली मान घालून ऐकत राहिली. आठ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. मशीन चालवता चालवता आई तिच्याकडे पाही. घरात खरे काय ते वादीला आणि मलाच ठाऊक होते. एक बोलत नव्हती आणि दुसऱ्याला बोलता येत नव्हते.

वादी सल्ला केंद्रात पूर्ण वेळ काम करू लागली. प्रवेशपरीक्षेचे गुण एकाच वर्षापुरते चालत, म्हणून अभ्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. काही महिन्यांनी पेंटरने रंगवलेली एका दुकानाची पाटी परत आली. ओळ उतरती झाली होती आणि एक काना शेजारच्या अक्षराला लागला होता. आईने मशीनवर झाकण घातले आणि त्याला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे नेले. परत आल्यावर ती वादीला म्हणाली, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन वर्षं तरी झाली असतील म्हणाल्या. आणि हा माणूस पाट्या रंगवत फिरतोय!"

वादीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि भिंतीवरचे कॅलेंडर काढून माझ्या तळाशी टांगले.

दोन्ही शस्त्रक्रिया चांगल्या झाल्या. पेंटर घरभर फिरून वस्तू नव्याने पाहत होता. "ही भिंत इतकी मळली कधी?" असे म्हणून हसत होता. फिरत फिरत तो माझ्यासमोर आला. "हे कॅलेंडर इथे कोणी लावलं?" त्याने ते उचलले.

माझ्यावर तो आकडा उरला होता, मित्रांनो. रंग गेला होता, पण झिजलेल्या मुलाम्यात लाली उतरली होती. मी तो लपवू शकलो नाही. त्या पोरीने एवढे सोसले आणि मला एक डाग झाकता आला नाही.

पेंटरने बोट न लावता वाचले. "एक... नऊ." मग तो हळूच म्हणाला, "ही शेपटी माझी आहे."

वादी दारात उभी होती. "असू दे ना, बाबा."

"तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस? मी तुला काय काय बोललो!"

"बोललात ते ऐकलं मी. पण तुम्हाला हे कळलं असतं, तर तुम्ही परत ब्रश हातात धरला असता का?"

पेंटर खाली बसला. आईने मशीन थांबवले होते.

त्या वर्षी वादीने पुन्हा अर्ज केला, वेळेआधी दहा दिवस. परीक्षेत पहिल्या खेपेपेक्षा चार गुण कमी मिळाले. मुलाखतीला बोलावले, पण निवड झाली नाही. आदल्या वर्षी झाली असती का? ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि तेच पेंटरला झोंबते. आता ती गावातल्या लहान कायद्याच्या कॉलेजात जाते. सकाळी कॉलेज, दुपारी सल्ला केंद्र. वर्गात वाद घालते म्हणे.

पेंटरला मी डोळ्यांसमोर नको झालो. पण मला कापायलाही तो धजेना. त्याने मला उतरवले आणि बोळात भिंतीकडे तोंड करून उभे केले.

मित्रांनो, तुम्हीही कधी तरी आपली पुढची वर्षे एखाद्या फळ्यावर नाहीतर वहीत मांडाल. जरूर मांडा. पण महिन्यातून एकदा मूळ कागद काढून ताळा करून पाहा. आमच्यावर फार विसंबू नका. जे लिहिले, तेवढेच आम्ही दाखवतो. आणि घरात कुणी वस्तू डोळ्यांजवळ धरू लागले, सुईत दोरा ओवायचे टाळू लागले, तर विचारा. ते आपणहून सांगणार नाहीत.

मला इथे दिसत काही नाही, ऐकू तेवढे येते. सकाळी वादी निघते तेव्हा पेंटर तिच्या मागोमाग बोळापर्यंत येतो आणि थांबतो. त्याला काहीतरी बोलायचे असते.

"डबा घेतलास?" तो विचारतो.

"घेतला, बाबा."

तिच्या चपलांचा आवाज दूर जातो. तो मात्र माझ्या पाठीशी बराच वेळ उभा असतो.