सपाट रेघेची धास्ती

मित्रांनो, कान तपासणारी मशीन मी, जुनी आणि जन्माची भित्री. कारखान्यात घडले, धाराशिवच्या दवाखान्यात आले. तेव्हा सगळे कौतुकानं बघायचे. आता माझ्या वायरीला चिकटपट्टी आहे, अन् शिबिराला जाताना मला सतरंजीत गुंडाळतात.

माझी रबरी बोंडी कानात बसवली की मी हवा थोडी दाबते, थोडी ओढते. पडदा हलला तर कागदावर डोंगर उमटतो. नाही हलला तर सपाट रेघ. त्या रेघेचीच मला धास्ती! कानात मळ असो, पडद्यामागं पाणी असो की पडद्याला भोक, रेघ सपाटच. खालचा आकडा सांगतो की कानात जागा किती. मळानं कान बुजला तर तो लहान, भोक असलं तर मोठा.

सास्तूरच्या शाळेत शिबिर होतं. हरणाबाई नातीला, हर्षालीला घेऊन आल्या. पोरीला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. आमच्या दवाखान्याच्या राजेश्वरी मॅडमनी बॅटरीनं पाहिलं. आत पिवळट काहीतरी होतं. मग मला लावलं. रेघ सपाट, आकडा अगदी लहान.

"मळ आहे. पाण्यानं धुऊ," म्हणत मॅडमनी पिचकारी भरायला घेतली.

मळामागं भोक असलं तर? पाणी आत शिरेल, कान पिकेल, पोर गरगरून पडेल! अगं बाई, थांब ना! पण मला तोंड कुठं आहे? मी नुसती गुणगुणत राहिले.

माझी बोंडी पुसताना मॅडमच्या बोटाला तेल लागलं, वर कापसाचा धागा.

"आजी, कानात काय घातलंय?"

"काय न्हाय बगा."

"आज्जी, सकाळी लसणाचं तेल अन् कापूस घातलास की," हर्षाली म्हणाली. "कान वाहतोय म्हणून."

हरणाबाईंचे डोळे भरले. "चारचौघांत पोरीचा कान वाहताना दिसला तर उद्या तिला करून घेणार कोण, म्याडम? म्हणून झाकला."

मॅडमनी चिमट्यानं तेलकट बोळा काढला अन् मला पुन्हा लावलं. मी हवा सोडली. रेघ तशीच सपाट, पण आकडा भलामोठा. पडद्याला भोक होतं. मॅडमनी पिचकारी लांब सारली.

हर्षालीवर आता धाराशिवला उपचार चालू आहेत. कानात तेल बंद, पाणी बंद.

मित्रांनो, माझी बोंडी पुसत जा, रेघेखालचा आकडा वाचत जा. आणि कान वाहत असला तर वाहता घेऊन या. मी लई भित्री आहे, पण वाहत्या कानाला भीत नाही. झाकलेल्या कानाला भिते.