पहिली पोच

ऋजुताने फोनचं नेटवर्क पुन्हा एकदा बंद केलं, चालू केलं आणि सिग्नलच्या काड्या पाहिल्या. पूर्ण होत्या. तिने नंबर फिरवला. थोडा वेळ नुसती शांतता, मग कॉल आपोआप तुटला. फोन जेट्टीच्या कट्ट्यावर आपटायला तिने हात उचलला, पण तो तिच्या नेटवर्क कंपनीने तपासणीसाठी दिलेला आहे हे आठवून खाली घेतला.

“काड्या तं भरलेल्या हायत,” शेजारी बसून जवळा निवडणारी मालू म्हणाली. “मंग?”

“मावशी, काड्या म्हणजे टॉवरचा आवाज. तो आपल्याला ऐकू येतोय, एवढंच. आपलं त्याला ऐकू जातंय की नाही, ते काड्या सांगत नाहीत.”

“आमच्या म्हाताऱ्यासारका हाय तुजा टॉवर. बोलतो लय, आयकत नाय.”

ऋजुताला हसू आलं, पण ते पुरतं येण्याआधीच ठाण्याच्या ऑफिसातून सकाळी आलेला हितेशचा मेसेज आठवला. ‘सिग्नल फुल आहे ना? हँडसेट इश्यू टाक आणि तक्रार क्लोज कर.’ गोमाजीची तक्रार याआधी अशीच बंद झाली होती. बिचारा म्हातारा दर वेळी नवा फोन घेऊन पुन्हा तक्रार करायचा. टॉवरखाली येऊन बघायचे कष्ट मात्र एकानेही घेतले नव्हते.

डोंबिवलीच्या खाडीकाठची ही कोळ्यांची वस्ती नव्या पुलाला अगदी खेटून होती. गोमाजी म्हणजे मालूचा नवरा. गेल्या शिमग्यानंतर तो होडीतच चक्कर येऊन पडला. भरतीने होडी पुलाच्या खांबाशी नेऊन टेकवली, म्हणून सापडला. मुलगा यज्ञेश त्याच दिवशी होडी विकायला निघाला होता. शेवटी घरात एक तोड निघाली. परतताना तिवरांच्या वळणावर आलं की गोमाजीने मिसकॉल द्यायचा, मालूने तो कापायचा. उचलायचा नाही. कापला की समजायचं, तिला पोचलं. मिसकॉल आला नाही की यज्ञेश दुसरी होडी काढून शोधायला जायचा.

पूल सुरू झाला आणि मिसकॉल येईनासा झाला. यज्ञेश रोज संध्याकाळी होडी काढायचा, आणि बाप वळणावर विडी ओढत खुशाल येताना दिसायचा. पोरगा वैतागला. दिवा गावचा भिवा उद्या सकाळी होडी बघायला येणार होता. आज मिसकॉल आला तर होडी राहणार, नाही तर जाणार, असं यज्ञेशने बापाला आणि ऋजुताला, दोघांनाही बजावून सांगितलं होतं.

“मॅडम, माझ्याच्याने नाय होत आता रोज रोज,” तो म्हणाला होता. त्याच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघून ऋजुताला वाद घालवेना.

दोष तिला दुपारीच सापडला होता. एखादा फोन टॉवरच्या हद्दीत नव्याने आला की आधी दार ठोठावतो. टॉवर म्हणतो, ये, ऐकलं. त्यावर फोनने ‘मिळालं’ अशी पोच द्यायची असते. पण नव्या फोनला अजून स्वतःची जागा दिलेली नसते, म्हणून टॉवर सगळ्यांना उद्देशून आधीच एक आकडा सांगून ठेवतो: नवे आलेले असाल तर पोच अमुक ओसरीवर द्या. या टॉवरचा आकडा, अकरा, कुणीतरी ठाण्यातल्या खोपटच्या टॉवरवरून जसाच्या तसा उचलला होता. इथे मात्र ती ओसरी नेमकी दार ठोठावण्याच्या जागेवर येत होती. पुलावरून गाड्या वाहू लागल्या की प्रत्येक गाडीतले फोन दार ठोठावणार आणि त्या दणदणाटात गोमाजीची पोच चिरडली जाणार. टॉवर दोनचारदा विचारणार, मग सोडून देणार.

तिने हितेशला पुन्हा फोन लावला. त्यासाठी तिला पार वस्तीच्या मागच्या पिंपळापर्यंत जावं लागलं; तिथे दुसरा टॉवर पकडत होता.

“अकराच्या जागी पंधरा कर. पोच मधल्या पट्ट्यात जाईल, ठोठावण्यापासून लांब.”

“अगं, अकरा सगळीकडे चालतोय.”

“सगळीकडे पूल नाहीये, हितेश!”

“आणि साइट रिस्टार्ट करावी लागेल. पीक अवरला? सर मला खातील.”

“मी लिहून देते, माझ्या नावावर कर. सर मला खाऊ देत. दुपारपासून घसा कोरडा करून सांगतेय, एकदा तरी ऐकलं म्हण ना!”

पलीकडून कीबोर्डची टकटक आली. मग हितेश म्हणाला, “ऐकलं. करतो.”

ती जेट्टीवर परतली तेव्हा उन्हं तिवरांच्या शेंड्यांवर गेली होती. मालूने न विचारता तिच्यासमोर चहा ठेवला.

“होनार नीट?”

“होणार. आता फोन वाजला ना, की उचला हं मावशी. मला बघायचंय.”

“उचलाचा नाय. कापाचा,” मालूने तिला लहान मुलीसारखं दटावलं. मग जवळ्याच्या सुपाकडे बघत म्हणाली, “तुजा टॉवर नीट झाला न, मंग म्हातारा खाडीनच मरंल बग.”

ही बाई बोलतेच अशी, असं समजून ऋजुता चहा प्यायली.

फोनवरच्या काड्या गेल्या, थोड्या वेळाने परत आल्या. पुलावर गाड्यांची रांग लागली होती. यज्ञेश खाली चिखलात दुसऱ्या होडीचा दोर सोडत, मान वर न करता उभा होता.

मालूच्या मांडीवरचा फोन थरथरला. आवाज तिने कधी बंद केला होता कोण जाणे. पडद्यावर गोमाजीचा पावसाळी टोपीतला फोटो उमटला. मालूने अंगठ्याने कॉल कापला.

ऋजुताने कट्ट्यावर थाप मारली. लागला! दिवसभराचा सगळा वैताग त्या एका थरथरीत फिटला होता.

“आला का गं आई?” यज्ञेशने खालून विचारलं.

मालूने फोन सुपाखाली सरकवला.

“नाय.”

ऋजुताने तोंड उघडलं. मालूचा ओला, जवळ्याच्या वासाचा हात तिच्या मनगटावर पडला आणि घट्ट बसला. ती ऋजुताकडे बघत नव्हती. तिची नजर सुपावर होती. शिमग्यापासूनच्या सगळ्या संध्याकाळी ही बाई इथेच जीव मुठीत धरून बसली होती आणि होडी गेलेलीच तिला हवी होती, हे ऋजुताला आता कळलं, आणि तिला स्वतःच्या आनंदाची लाज वाटली.

“मॅडम, म्हणजे नायच लागत ना?” यज्ञेशने दोर खांद्यावर घेतला.

ऋजुताने वळणाकडे पाहिलं.

तेवढ्यात वळणावरून होडी बाहेर आली. गोमाजी वल्हं सोडून, पाय फाकवून उभा होता. त्याने फोन डोक्याच्या वर धरला होता आणि म्हातारा चक्क नाचत होता. होडी डावी-उजवी झुलत होती.

“कापलास न गो!” त्याची हाक पाण्यावरून आली. “मालू! आयकलास न?”

यज्ञेशने आईकडे पाहिलं. मालू हलली नाही. होडी आणखी झुलली, आणि म्हाताऱ्याने पुन्हा हाक दिली, या वेळी जरा खालच्या, शंकेच्या आवाजात.

“मालू? आयकलास न?”

मनगटावरचा हात सुटला. मालू उठली, सूप लवंडलं, जवळा कट्ट्यावर सांडला. लुगड्याचा काष्टा खोचत ती गुडघाभर चिखलात उतरली.

“आयकलं रं मेल्या, आयकलं!” ती गळा फाटेस्तोवर ओरडली. “खाली बस आदी! बहिरी नाय मी!”

गोमाजी मुकाट्याने खाली बसला. यज्ञेशने दोर खांद्यावरून काढला आणि उद्या येऊ नको म्हणून सांगायला दिव्याच्या भिवाला फोन लावत बाजूला गेला. तो पहिल्या फटक्यात लागला.