हैबतानला दिलेला हालहवाल

माझ्या वडिलांना, आप्पांना, जाऊन एक्केचाळीस दिवस झाले, त्या शुक्रवारी हैबतान घरी आला. वीस वर्षं तो इथे कतारमध्ये रास लफानच्या गॅस प्रकल्पाला जाणारी कंपनीची बस चालवत होता आणि आप्पा, त्याचे निवृत्तीभाई, त्याच्या मागच्याच सीटवर बसून शिफ्टला जात. आप्पा गेले तेव्हा तो रजेवर, बलुचिस्तानातल्या आपल्या डोंगरात होता.

सोफा सोडून तो गालिच्यावर बसला. मी चहा ठेवला. त्याने कपाला हात लावला नाही.

"आधी हालहवाल दे, बेटी," तो हिंदीत म्हणाला.

हा रिवाज मला आप्पांच्या वहीतून माहीत होता. बसमध्ये हैबतानकडून त्याच्या टोळीबद्दल जे ऐकलं, ते त्यांनी लिहून ठेवलं होतं. पूर्वज सीरियातल्या हलबहून निघाले, असं त्यांची गाणी सांगतात. बकरीच्या काळ्या केसांचे तंबू. हिवाळ्यात सपाटीवर, उन्हाळ्यात वर. पानिपतावर पकडलेले काही मराठे त्या डोंगरांत राहिले म्हणतात, असं आप्पांनी सांगितलं तेव्हा हैबतान म्हणाला होता, "तरीच आमच्यातले काही जण एवढा वाद घालतात." हेही वहीत आहे.

आणि हालहवाल. दोन माणसं भेटली की चहापाण्याआधी एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने मागच्या भेटीपासूनचं सगळं क्रमाने सांगायचं. पाऊस, चारा, जन्म, मरण. कमी नाही, जास्त नाही. कारण ऐकणारा तेच पुढच्या तंबूला सांगतो आणि त्यावरून लोक कळप कुठे न्यायचे ते ठरवतात. खोटं सांगणाऱ्याला पुन्हा कोणी विचारत नाही.

मी लुसैलच्या ऑफिसातून आले की आप्पाही मला गमतीने विचारत, "दे हालहवाल." मी "ठीक, खलास," म्हणून खोलीत जायचे.

"आप्पा झोपेत गेले," मी हैबतानला म्हणाले. "त्रास झाला नाही."

नाशिकच्या धाकट्या भावाला, शौनकला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना मी हेच सांगितलं होतं.

त्याने मान हलवली. "माझा भाऊ दर वर्षी निवृत्तीभाईंसाठी जर्दाळू पाठवायचा. त्याने त्यांना कधी पाहिलं नाही. आज तो फोनवर विचारेल. तू देशील तेच मी त्याला देईन." मग म्हणाला, "पुढे?"

चहावर साय धरली होती.

"झोपेत नाही," मी म्हणाले. "दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते. नाव पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. त्यांची वही कधी टाइप करून देणार, हेच पुन्हा विचारतील असं वाटलं. आणखी दोनदा आला. मीटिंग तीनला संपली. मग मी सगळ्यांबरोबर कॉफी प्यायले. परत फोन केला नाही. सहाला घरी आले. ते स्वयंपाकघरात पडले होते. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर कदाचित."

"आणखी?"

"ओट्यावर दोन कप काढून ठेवले होते. एक माझा."

आता दोष देईल किंवा समजूत घालेल, म्हणून मी थांबले. त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही. "हालहवाल पोचला," एवढंच म्हणाला.

मग त्याने आपला दिला. पाऊस नाही. सात बकऱ्या गेल्या. पुतण्याचं लग्न झालं. निवृत्तीभाई गेल्याचा फोन लग्नाच्या मांडवात आला. लोक होते म्हणून तो रडला नाही, दोन दिवस कोणाला सांगितलंही नाही. परतताना विमानात रडला.

गार चहा त्याने एका घोटात संपवला. "निवृत्तीभाईंचा चहा याहून वाईट असायचा," म्हणाला आणि उठला.

तो गेल्यावर मी शौनकला फोन लावला.

"बोल ताई. काय गं, अचानक?"

"मध्ये बोलू नकोस," मी म्हणाले. "त्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मला आप्पांचा फोन आला होता."