लोणच्याची परात न्हाणीघरात

मी परात बोलतेय. दीड हात रुंद, वीतभर खोल, जाड स्टीलची. माझ्या काठावर तेलुगूत नाव कोरलंय, कामाक्षम्मा. तिनं मला तेनालीच्या बाजारात घेतलं आणि लेकीच्या लग्नात दिलं. "हिच्यात माझी भ्रमरांबा आवकाय कालवेल," असं ती चारचौघांत म्हणाली होती.

सतरा वर्षं मी तेच केलं. गुंटूरचा उन्हाळा तापला, कैऱ्या आल्या की माळ्यावरून मला खाली काढायचे. कैरीच्या फोडी, मोहरीची पूड, लाल तिखट, तिळाचं तेल, आणि त्यात कोपरापर्यंत बुडालेले बायकांचे हात. वर्षाचं लोणचं, म्हणजे आवकाय, माझ्यात व्हायचं. एरवी मी पालथी पडून राहायचे आणि मला त्याचं काही वाटत नसे.

आज मी न्हाणीघरात आहे. माझ्यात कोमट पाणी आहे आणि त्या पाण्यात शेषगिरी बसलाय. भ्रमरांबाचा नवरा, म्हणजे कामाक्षम्माचा जावई.

हसायचं तर हसून घ्या. मला आता हसू येत नाही, वीट आलाय.

शेषगिरी बस चालवतो, गुंटूर ते मार्कापूर. वाटेत गाडी थांबवायला लागू नये म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. पोटाचा दगड झाला. एका सकाळी कुंथता कुंथता गुदद्वाराला चीर पडली. रक्त पाहून तो घाबरला, पण बोलला नाही. मूळव्याध समजून पंधरा दिवस कसलंसं चूर्ण खाल्लं. दवाखान्यात गेला तर डॉक्टर बाई निघाली, म्हणून दारातूनच परत आला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा नीट उभंही राहवत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "फिशर आहे. जखम नखाएवढी, पण भरायला सहा-आठ आठवडे लागतील. रोज तीनदा कोमट पाण्यात बसा, इसबगोल घ्या, पाणी भरपूर प्या, मलम लावा, तिखट बंद. आणि दुखायचं थांबलं म्हणजे जखम भरली असं समजू नका."

टब विकत आणायचा तर दुकानदार विचारणार, कशाला हवाय? म्हणून शेषगिरीनं मला माळ्यावरून काढलं.

"अहो, आईची परात आहे ती," भ्रमरांबा म्हणाली.

"पंधरा दिवसांचा तर प्रश्न. मग घासून ठेव वर."

"घासून? आणि त्यात लोणचं कालवू?"

त्यानं मला उचलून न्हाणीघरात नेलं. माझं स्वयंपाकघर सुटलं ते मी तेव्हाच ओळखलं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, असं म्हणतात. इथं दुखणंच जावयाचं, आणि बसायला सासूचं नाव.

पहिले काही दिवस तो नळ घट्ट धरून, दात-ओठ खात माझ्यात बसायचा. मग जरा उतार पडला. नववा दिवस बरा गेला, दहावाही. बाराव्या दिवशी पुन्हा सुरी फिरल्यासारखं झालं.

"काय चुकलं माझं?" तो आतूनच ओरडला. "दुधीची भाजी खाल्ली, ताक प्यालो. तिखटाला बोट लावलं नाही."

दाराबाहेरून भ्रमरांबा म्हणाली, "काही चुकलं नाही. बसा अजून दहा मिनिटं."

मला संताप येतो तो याचाच. बोट कापलं तर पट्टी बांधून बोटाला विश्रांती देता येते. ही जखम रात्रभर जरा मिटते आणि सकाळी त्याच कामासाठी पुन्हा ताणली जाते. आज बरं म्हणून उद्या बरं असेल याची काही खात्री नाही. आणि रडगाणं गायचं तर कुणापुढे? बसवर तो उशी घेऊन जायला लागला, तर कंडक्टर म्हणाला, "काय गिरी, सासरहून लोड आला वाटतं?" त्यानं पाठदुखी सांगितली. माणसं पाठ दुखते हे छाती पुढे काढून सांगतात. चार बोटं खाली सरकलं की वाचा बसते.

तिसऱ्या आठवड्यात दुखणं थांबलं. झालं. इसबगोलचा डबा कपाटात गेला, मलमाची नळी हरवली आणि बसस्टँडवरची मिरची भजी आठवली. चार दिवसांत ये रे माझ्या मागल्या. मला तोंड असतं तर त्याच वेळी चांगलं सुनावलं असतं.

दुसऱ्या खेपेला मात्र तो शहाण्यासारखा वागला. बसमध्ये पाण्याची बाटली ठेवू लागला. पाच आठवडे रक्ताचा थेंब नाही. तो माझ्यात बसून गुणगुणायला लागला. भ्रमरांबाही पुन्हा हसून बोलू लागली. मलाही आशा वाटू लागली. स्वयंपाकघराची नव्हे, निदान कोरडं राहण्याची.

आणि आवकायचा दिवस आला.

ओंगोलहून शेषगिरीची थोरली बहीण, त्याची माणिक्यम्मा अक्का, दोन दिवस राहायला आली. त्यांच्या आईच्या मागे या घरातलं लोणचं तीच कालवते. भ्रमरांबानं नवीन परात आणून ठेवली होती.

"आणि तुझ्या आईची मोठी परात गं?"

"शेजारी दिलीय, वन्सं."

लोणचं बरणीत भरलं की परातीला लागलेल्या मसाल्यात गरम भात आणि तूप घालून कालवायचं आणि घरातल्या मोठ्या बाईनं प्रत्येकाच्या हातावर एकेक मुटका ठेवायचा, ही इथली रीत. त्याला नाही म्हणणं म्हणजे देणाऱ्या हाताचा अपमान. दाराच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. अक्कानं लालभडक मुटका पुढे केला. भ्रमरांबा नवऱ्याकडे बघत राहिली. त्याला एवढंच म्हणायचं होतं, अक्का, मला चालत नाही. त्यानं हात पुढे केला.

बरं, एकावर थांबावं? दुसरा मुटका त्यानं मागून घेतला.

सकाळी माझ्यातलं पाणी लाल झालं. तो माझ्यात बसून रडला. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून रडला. पाच आठवडे दोन घासांत गेले. मी काय करणार? मला पाणी धरण्यापलीकडे काही येत नाही.

त्यानं मला विसळून भिंतीला टेकवलं आणि तो बाहेर गेला. थोड्या वेळानं अक्का हातपाय धुवायला आली आणि काठावरचं नाव वाचून थबकली. तिच्या वाटणीच्या कैऱ्या कालवायच्या राहिल्या होत्या आणि नवी परात तिला लहान पडत होती. तिनं मला उचललं, अंगणात नेलं आणि चिंच-मीठ लावून खसाखसा घासायला बसली.

"भ्रमरा, अगं तुझ्या आईची परात न्हाणीघरात? शेजारी दिली म्हणालीस ना? आण त्या कैऱ्या."

भ्रमरांबाचा चेहरा पांढरा पडला. कैऱ्यांचं टोपलं अक्कानं स्वतःच ओढलं. पहिली मूठ भरली, हात माझ्यावर आला.

"अक्का, थांब," शेषगिरी म्हणाला. "त्यात मी बसतो."

"बसतोस म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. चीर, रक्त, मलम, कालचा मुटका, आजची सकाळ, सगळं. सांगताना तो जमिनीकडे बघत होता.

अक्कानं मूठ परत टोपल्यात सोडली.

"तुझा भाचा झाला तेव्हा मलाही झालं होतं," ती म्हणाली. "दोन वर्षं घमेल्यात बसायचे, कडी लावून. तुझ्या भावोजींना अजून ठाऊक नाही. मला वाटायचं, जगात मी एकटीच." मग एकदम उसळली, "आणि काल माझ्या हातचं खाल्लंस कशाला, गाढवा?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"मला तासभर वाटलं असतं. तुझ्या ढुंगणाला आता महिनाभर वाटेल."

भ्रमरांबा पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तीन महिने तीही एकटीच दाराबाहेर उभी होती.

त्या दिवशी अक्कानं मला राख लावून चकचकीत घासलं, स्वतःच्या हातानं मला न्हाणीघरात नेऊन ठेवलं आणि पाणी तापत ठेवलं.

आज पुन्हा तिसरा आठवडा चालू आहे. काल बरं होतं, आज ठणकतंय. उद्याचं मला विचारू नका. लोणचं आता माझ्या नशिबात नाही, त्याचा राग गेलेला नाही आणि जाणारही नाही. पण दाराला आता कडी नसते. दर रविवारी ओंगोलहून फोन येतो आणि अक्का आधी विचारते, "परात कोरडी झाली का रे?"

"अजून नाही, अक्का," तो माझ्यात बसल्या बसल्या सांगतो.

"मग बस अजून दहा मिनिटं."